बेस

आधी आमचं नाव होतं ब्लॅक शटल.
मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत,
काळे टी-शर्ट घालून आम्ही मरणावर गाणी करायचो
आणि ऐकायला यायचे
नर्सिंगचे दोन मेहुणे.

मग मुबीनाला बालवाडीत नोकरी लागली.
गॅदरिंगला जादूगार आलाच नाही
म्हणून तिनं आम्हाला फोन केला.
आम्ही गेलो. जेवण होतं.

आता आमचं नाव शेंगदाणे.
गुरुबसव हत्तुरे, गिटार, पिवळी टोपी.
नर्सिंग येलदी, ड्रम,
नाकावर लाल चेंडू, घामानं घसरतो.
मुबीना नदाफ, कीबोर्ड आणि सगळे शब्द.
मी बेस.
बेस म्हणजे काय, हे आईला अजून सांगता आलेलं नाही.
थांबला की कळतं, एवढंच.

आमची गाणी दीड मिनिटाची.
त्याहून लांबलं की पहिल्या रांगेला शू लागते.
विषय: हलणारा दात. बुटात गेलेली मुंगी.
भाकरी एवढी कडक का, तिला कोण रागावलं.
एका गाण्यात नुसतं नाही म्हणायचं,
नको, नक्को, बेडा, वद्दु,
ज्याच्या घरात जे चालतं ते, आणि पाय आपटायचे.
हे सगळ्यात गाजलेलं.
आया म्हणतात, हे मात्र शिकवायला नको होतं.

नीलमनगरला पत्र्याखाली कार्यक्रम.
चार वर्षांची भार्गवी चिलवेरी
मुंगीच्या गाण्यात मधेच उठली,
लाल नाकाकडं बघितलंसुद्धा नाही,
सरळ माझ्या स्पीकरला पोट लावून उभी राहिली.
म्हणाली, मशीन चालू झालं.

तिची आई तिला ओढून न्यायला आली.
म्हणाली, खाली चार माग होते आमचे.
दिवाळीनंतर भंगारात दिले, किलोवर.
तवापासून ही रात्रभर टक्क जागी.
घर गप्प बसलंय म्हणती.

मला ते माहीत होतं.
मीही मागावरच झोपलेला, म्हणजे वरच्या खोलीत.
रात्री लाइट गेली की माग थांबायचे
आणि गल्लीतली सगळी तान्ही
एकदम जागी होऊन रडायची.

आम्ही एमआयडीसीत एक चालू शेड शोधली.
मालक म्हणाला, आवाज घेऊन काय करणार बे?
कापड घ्या की.
कारागिरानं डावा कान पुढं केला,
उजव्यानं त्याला ऐकू येत नव्हतं.
गुरुबसवनं गिटार घालून बघितली, काढली.
मुबीनानं दोन कडवी लिहिली,
एक खोडलं, मग दुसरंही.
उरला धोटा, इकडून तिकडं, तिकडून इकडं,
नर्सिंगचा पाय, आणि खाली मी.
नऊ मिनिटं. आमच्याकडचं सगळ्यात लांब.

सगळ्यांना आवडतं असं नाही.
जुळे सोलापूरच्या एका वाढदिवसाला
पोरांनी कान झाकले,
एकानं वायर चावली,
आणि केक लवकर कापावा लागला.

भार्गवीच्या आईला मोबाइलवर पाठवलं.
आठ दिवसांनी तिचा आवाज आला, दबका,
शेजारी कुणी झोपलं असावं असा:
पोरगी झोपती आता. लगेच झोपती.
पण हे उठतात.
झोपेतच जिना उतरतात, खालचा दिवा लावतात,
सूत कुठं तुटलं बघायला.
रिकाम्या फरशीवर चारी जागी थांबून येतात, एकेक करून.
थोडं हळू करून देता का?

मी बेस कमी केला.
ऐकलं.
परत होता तिथं नेला.
अजून पाठवलेलं नाही.